स्लालम स्कीइंग : चूक वळणावर नसते, आधीच झालेली असते

मोटरबोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावरून घसरत जाण्याचा प्रयोग अमेरिकेतील राल्फ सॅम्युअलसन याने १९२२ मध्ये मिनेसोटातील लेक पेपिन सरोवरावर केला. त्याच्या पायांखाली दोन फळ्या होत्या. स्लालममध्ये एकच असते. बोट सरळ धावते आणि खेळाडू डावी-उजवीकडे झेपावत सहा बोयांना बाहेरून वळसा घालतो. प्रत्येक बोया बोटीच्या मार्गापासून साडेअकरा मीटरवर असतो.

हौशी खेळाडूची प्रगती खुंटते, तेव्हा तो वळणाला दोष देतो. वस्तुतः प्रवेशद्वारापाशी झालेला उशीर बोयागणिक वाढत जातो. मग दोरी हातांनी ओढण्याचा मोह होतो. ती ढिली पडते आणि पुढच्याच क्षणी बसणारा हिसका खांदा किंवा पाठ दुखावू शकतो. हौसेची ही किंमत फारच झाली!

हात सरळ, हँडल कमरेजवळ आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवून बोटीपासून दूर झुकावे. जोर लावायचा तो बोटीमागच्या लाटांपर्यंतच. त्या ओलांडल्यावरही ओढत राहिल्यास वेग अनावर होतो आणि वळण लांबते. स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो. हौशी मंडळींनी त्याची बरोबरी करू नये. १८.२५ मीटरची पूर्ण दोरी घेऊन, संथ वेगात सहाही बोये वारंवार साधू लागल्यावरच वेग वाढवावा. दोरी आखूड करण्याचा विचार त्याहूनही नंतरचा. लाइफ जॅकेट आणि बोटीत चालकाखेरीज मागे लक्ष ठेवणारा सोबती मात्र पहिल्या दिवसापासून हवा.