वनस्पतींच्या नांवांची गंमत आणि उपयोग

पनवेल-रोहा लोहमार्गावरील कासू स्थानकाचा परिसर म्हणजे भाताचा मुलूख. पावसाळ्यांत तेथील बांधावरून नुसतें चालूं लागलें तरी अनेक रानवनस्पती दृष्टीस पडतात. त्यांपैकीं केना कोणा शेतकऱ्यास ठाऊक नाहीं? बेणणीच्या वेळीं आपण तो उपटून टाकितों, क्वचित् त्याची भाजीही करितों. पण त्याच्या शास्त्रीय नांवामागील कथा फार थोड्यांच्या कानीं आली असेल. तिच्यापासूनच आरंभ करूं.

केन्याच्या निळ्या फुलास तीन पाकळ्या असतात. दोन मोठ्या व ठळक, तिसरी लहान. वनस्पतींस दोन पदांचीं नांवें देण्याची पद्धति १७५३ सालच्या आपल्या ग्रंथानें रूढ करणारे स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनीं केन्याच्या ‘कॉमेलिना’ या नांवाचा उलगडा मोठ्या विनोदानें केला आहे. हॉलंडांतील कॉमेलिन घराण्यांत दोघे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. तिसरा मात्र कांहीं कामगिरी करण्यापूर्वींच वारला. दोन ठळक पाकळ्या त्या दोघांच्या, आणि लहानगी त्या तिसऱ्याची!

दसऱ्यास आपण ज्याचीं पानें सोनें म्हणून वाटतों, तो आपटा शास्त्रांत ‘बौहिनिया’ होय. पान एक, पण दलें दोन. म्हणून बौहिन आडनांवाच्या दोघां विद्वान् भावांचें तें स्मारक ठरलें. कासूहून पनवेलकडे जातांना आपटा नांवाचें स्थानक लागतें, तेथें वाचकांनीं या भावांची आठवण अवश्य करावी. हिरवळीच्या खतासाठीं बांधावर लाविलेली उंदीरमारी, म्हणजेच गिरिपुष्प, ही मूळची मध्य अमेरिकेकडील. तिच्या ‘ग्लिरिसिडिया’ या लॅटिन नांवाचा अर्थही उंदीर मारणारी असाच आहे.

येथवर गंमत झाली. परंतु कांहीं नांवें जिवाशीं निगडित आहेत.

कुंपणावर चढणाऱ्या कळलावीस शास्त्रज्ञांनीं ‘ग्लोरिओसा सुपर्बा’, म्हणजे वैभवशाली व भव्य, असें म्हटलें. फूल पाहतां तें यथार्थच आहे. पण त्यावरून तिच्या विषाची कल्पना येत नाहीं. तिचा कंद अत्यंत विषारी असून तो रताळें समजून खाल्ल्यानें मृत्यु ओढवल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. ‘कळलावी’ या शब्दाचा अर्थ कोणी भांडण लावणारी असा करितात, कोणी प्रसूतीच्या कळा आणणारी असा. कोणताही घ्या, हात आंखडतोच. येथें गांवचें नांव शहाणें ठरलें.

खाडीकांठच्या तिवरांत वाढणाऱ्या गेव्याची गोष्ट नेमकी उलट आहे. ‘गेवा’ या शब्दांत कसलीच सूचना नाहीं. ‘एक्सिकॅरिया’ या लॅटिन नांवाचा अर्थ मात्र आंधळें करणारी असा आहे. कारण फांदी मोडतांच निघणारा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो व कांहीं काळ अंधत्वही येतें. खारबंदिस्तीच्या डागडुजीस जाणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शिवाय बोलीतलें एकच नांव दोन वनस्पतींस असूं शकतें. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी एक वनस्पति दाखवितो, तर कोणी मंडूकपर्णी आणून देतो. औषधी लागवडीसाठीं रोप घेतांना अशानें पैसा व हंगाम दोन्ही फुकट जातात. तेथें शास्त्रीय नांवच विचारावें.

सारांश, दोन्ही नांवें हवींत. शास्त्रीय नांवें ग्रंथांत सुरक्षित आहेत. गांवचीं नांवें मात्र बहुधा वृद्धांच्या, विशेषतः भाजीपाला ओळखणाऱ्या आजीबाईंच्या, मुखींच आहेत. आमची वाचकांस विनंति इतकीच कीं, या पावसाळ्यांत त्यांच्यासह एकदां बांधावरून फिरावें, नांव व त्यामागील गोष्ट वहींत टिपावी, आणि एक डहाळी कागदांत दाबून वाळवावी. तिचें शास्त्रीय नांव दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील तज्ज्ञांस विचारतां येईल; आजीबाईंची गोष्ट मात्र मागाहून कोणास विचारणार?