बेस गिटारसाठी ॲम्प घेताना : वॅटच्या आधी विचारायचे प्रश्न

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून तरुणांचे छोटेमोठे बँड उभे राहत आहेत. कुठे ढोलकी-हार्मोनियमच्या जोडीला गिटार आली आहे, कुठे रॅप आणि रॉकच्या अंगाने भीमगीते बांधली जात आहेत. गायक मिळतो, कीबोर्ड येतो, ऑक्टोपॅड येतो आणि बहुधा सगळ्यात शेवटी बेस गिटार येते. ती आली की पाठोपाठ प्रश्न येतो : ॲम्प किती वॅटचा घ्यायचा?

युवा गटांसोबत काम करताना हा प्रश्न आमच्यापर्यंत वारंवार येतो. पैसे बहुतेक वेळा वर्गणीचे असतात. कुणी डिलिव्हरीच्या कामातून दिलेले, कुणी शिष्यवृत्तीतून मागे टाकलेले. त्यामुळे खरेदी फसली तर ती एकट्या बेसवाल्याची अडचण राहत नाही, गटात कुरबुर सुरू होते. आमचे म्हणणे एवढेच, की वॅटचा प्रश्न जरा नंतर विचारा. आधी हे ठरवा की तुमचा आवाज लोकांपर्यंत कोण पोहोचवणार आहे : तुमचा ॲम्प, की मंडपातला साउंडवाला?

आपल्याकडे बहुतेक कार्यक्रमांत साउंड सिस्टीम आयोजकांचीच असते. मैदानावर दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर, खाली सब-वूफर, मध्ये मिक्सर. अशा ठिकाणी समोरच्या हजार माणसांना बेस ऐकू जातो तो त्या सिस्टीममधून. स्टेजवरच्या ॲम्पचे काम मर्यादित असते. वाजवणाऱ्याला स्वतःचे वाजवणे ऐकू यावे, शेजारच्या ढोलकीवाल्याला आणि गायकाला ताल-सूर धरता यावा, इतकेच. असे असताना पाचशे वॅटचे धूड टेम्पोत घालून नेण्यात काही अर्थ नाही.

म्हणून ॲम्पच्या पाठीमागे पहिली गोष्ट शोधा ती डीआय आउट. हे तीन पिनांचे एक्सएलआर सॉकेट असते. त्यातून साधी माइकची केबल थेट मिक्सरला जाते. ही जोडणी बॅलन्स्ड असल्याने लांब केबलमध्ये शिरणारी खरखर बरीच कापली जाते. शेजारी ‘प्री-पोस्ट’ असे बटण असेल तर उत्तमच. ‘प्री’वर ठेवले की तुमच्या ॲम्पचा टोन तुम्ही कितीही फिरवा, मिक्सरला मूळ आवाज जात राहतो आणि साउंडवाला वैतागत नाही.

हे सॉकेट नसेल तर काय होते, हे अनेकांनी अनुभवले असेल. साउंडवाला म्हणतो, “जॅक द्या इकडे,” आणि गिटारची केबल थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खोचतो. पॅसिव्ह बेसच्या पिकअपला खूप जास्त रोध असलेला, म्हणजे साधारण एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध त्याच्या कितीतरी पट कमी असतो. परिणामी आवाज मेल्यासारखा होतो, तारेची धार जाते आणि दोष वाजवणाऱ्याच्या बोटांना दिला जातो. यावर उपाय म्हणजे डीआय बॉक्स, हाताच्या पंजाएवढी डबी. पॅसिव्ह प्रकाराला वीज लागत नाही. ॲक्टिव्ह प्रकाराला बॅटरी किंवा मिक्सरमधून येणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. ज्या गटाची वर्गणी अगदीच कमी जमली आहे त्याला आम्ही सांगू, की आधी चांगला डीआय बॉक्स घ्या, तारा नव्या चढवा, ॲम्प पुढच्या वर्षी बघू.

कुणाला हा दुय्यम मार्ग वाटत असेल तर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा दाखला आहे. कृष्णवर्णीय कलावंतांच्या या कंपनीत जेम्स जेमरसन यांनी वाजवलेल्या बेसने 1960च्या दशकातले अमेरिकन संगीत बदलून टाकले. क्लबमध्ये ते अँपेगचा एका 15 इंची स्पीकरचा बी-15 ॲम्प वापरत. स्टुडिओत मात्र त्यांचा बेस प्रामुख्याने थेट डेस्कमध्येच रेकॉर्ड होत असे.

आता वॅट. बेसला गिटारपेक्षा जास्त वॅट का लागतात, याचे कारण समजून घेतले तर दुकानदाराला फसवणे अवघड जाते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सुमारे 82 हर्ट्झ कंपने होतात, चार तारांच्या बेसची 41, पाच तारांच्या बेसची सुमारे 31. आपला कान खालच्या सुरांना मुळातच मंद आहे. शिवाय तोच जोर एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावे लागते. म्हणून बेस गिटारच्या ॲम्पमध्ये लावून मोठ्याने वाजवू नये. आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल कायमची बिघडू शकते. घरात हळू वाजवायला हरकत नाही.

पण वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा समज खोटा आहे. 50 वॅटवरून 100 वॅटवर गेलात तर वाढतात फक्त 3 डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतके. आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट हवेत. 100 आणि 120 वॅटच्या दोन ॲम्पमधला फरक त्यामुळे कागदावरच राहतो. त्यापेक्षा स्पीकर किती मोठा, पेटी किती भक्कम, हे जास्त ऐकू येते.

मग किती पुरे? आमच्या मते, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि दोन गायक एवढाच संच असेल आणि मैदानावर सिस्टीम मिळणार असेल, तर 12 इंची स्पीकरचा 100 वॅटच्या आसपासचा कॉम्बो पुरतो. कॉम्बो म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. गटात खरा ड्रमसेट असेल तर हिशेब बदलतो. ड्रमवाल्याला आवाजाची कळ नसते, तो जोरात येणारच. तिथे 200 ते 300 वॅट आणि दोन 10 इंची किंवा एक 15 इंची स्पीकर बरा. 8 इंची स्पीकरचे 15-25 वॅटचे छोटे ॲम्प घरच्या सरावासाठी ठीक, बँडसाठी नाहीत. दुकानात ते छान वाजतात, कारण दुकानात ढोलकी नसते.

ढोलकीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, जी परदेशी व्हिडिओंमध्ये सापडत नाही. ढोलकीची धुमची बाजू आणि बेस गिटार बऱ्याच अंशी एकाच पट्ट्यात बोलतात. दोघांनाही फुगवले की गाण्याचे शब्द बुडतात, आणि भीमगीतात शब्द बुडणे म्हणजे गाणेच बुडणे. त्यामुळे ॲम्पवर नुसते बेस आणि ट्रेबल असे दोन खटके नकोत. मधल्या सुरांचे, म्हणजे मिडचे वेगळे बटण हवे, दोन असतील तर फारच चांगले. बेसचे बटण थोडे कमी करून लो-मिड किंचित वर घेतला की ढोलकीला जागा मिळते आणि बेसही स्पष्ट राहतो. नवशिके नेमके उलटे करतात : बेस पूर्ण उजवीकडे, मिड शून्यावर. एकट्याने वाजवताना ते भारदस्त वाटते, बँडमध्ये गायब होते.

ओहमचा मुद्दा कोरडा आहे, पण तो टाळून चालणार नाही, कारण इथेच पैसे जळतात. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर लिहिलेले वॅट ठरावीक ओहमलाच मिळतात. फेंडर रंबल 500 हा कॉम्बो पाहा. नावात 500 आहे, पण पेटीतल्या दोन 10 इंची स्पीकरवर तो 350 वॅटच देतो. पूर्ण 500 हवे तर बाहेरून आणखी 8 ओहमची कॅबिनेट जोडावी लागते. 8 ओहमच्या दोन कॅबिनेट समांतर जोडल्या की 4 ओहम होतात, 4 ओहमच्या दोन जोडल्या की 2. ॲम्पच्या पाठीवर ‘किमान 4 ओहम’ लिहिले असेल आणि तुम्ही 2 वर चालवला, तर तो तापेल, बंद पडेल किंवा जळेल. हेड आणि कॅबिनेट वेगवेगळे घेत असाल तर मधली केबल स्पीकरची जाड केबलच हवी. गिटारची केबल दिसायला सारखी असली तरी आतली तार बारीक असते.

जुन्या नळ्यांच्या, म्हणजे ट्यूबच्या ॲम्पचा मोह अनेकांना असतो. 1969 मध्ये आलेला अँपेगचा 300 वॅटचा एसव्हीटी आणि त्याची आठ स्पीकरची कॅबिनेट आजही रॉकच्या स्टेजवर दिसते. आवाज राजेशाही आहे, यात वाद नाही. पण नळ्या बदलण्याचा खर्च, नाजूकपणा आणि वजन पाहता वर्गणीवर चालणाऱ्या गटाने तिकडे वळू नये. ट्यूबचा ॲम्प स्पीकर न जोडता चालू केला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

वजनाचा विचार आमच्या दृष्टीने वॅटइतकाच महत्त्वाचा आहे. रंबल 100 साधारण 10 किलोचा आहे, 500 साधारण साडेसोळा किलोचा. क्लास-डी तंत्र आल्याने हे शक्य झाले. जुने सेकंडहँड ॲम्प स्वस्त मिळतात, पण याच्या दुप्पट-तिप्पट जड असू शकतात. सराव तिसऱ्या मजल्यावर असेल, ने-आण लोकलने किंवा शेअर रिक्षाने असेल, तर आकडा पाहून नव्हे, दुकानात स्वतः उचलून ठरवा. गटातल्या मुलीला तो एकटीला नेता येतो का, हेही बघा. ॲम्प उचलायला दर वेळी कुणाचा भाऊ लागणार असेल, तर तिच्या सरावाच्या वेळा तो भाऊ ठरवू लागतो.

सराव समाजमंदिरात किंवा विहाराच्या खोलीत होत असेल तर आजूबाजूला घरे असतात. खालचे सूर भिंत ओलांडतात आणि पत्रे थरथरवतात. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. त्यामुळे हेडफोनचे सॉकेट असलेला ॲम्प घ्या. खोलीत तो कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बेस आपोआप फुगतो. खुर्चीवर किंवा खोक्यावर कानाच्या दिशेने तिरका ठेवला की कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येते.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते : अर्थिंग. मंडपातली वीज घाईत ओढलेली असते. दोन तारांच्या एक्स्टेंशनला तीन पिनांचा प्लग कसाबसा बसवलेला असतो. बेसच्या तारा पुलामार्गे ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि एकाचे अर्थिंग तुटलेले असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागताच करंट शरीरातून जातो. असे मृत्यू जगभर झाले आहेत. ओठाला झिणझिण्या आल्या तर गाणे तिथेच थांबवा, मग समोर कोणी का बसलेले असेना. ॲम्प आणि मिक्सर एकाच अर्थ असलेल्या बोर्डावरून घ्या. 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी लावून घेण्याचा आग्रह आयोजकांकडे आधीच धरा. आणि घूं घूं आवाज येतो म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे बटण असते, ते दाबा. ते फक्त सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडते, विजेचा नाही.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या आणि जमले तर ढोलकीवाल्यालाही न्या. सगळी बटणे मध्यावर ठेवून सुरुवात करा, जाड तार मोकळी वाजवा आणि आवाज हळूहळू वाढवत न्या. पेटी कुठे खडखडते, आवाज कुठे फाटतो, ते ऐका. सेकंडहँड असेल तर अर्धा तास चालू ठेवा, कारण तापल्यावरच दोष बोलतात. प्रत्येक बटण फिरवून खरखर तपासा. डीआय आउट मिक्सरला जोडूनच बघा, बरेचदा तेच नेमके मेलेले असते.

खरेदी झाल्यावर एका वहीत लिहून ठेवा : कुणी किती दिले, ॲम्प कुणाकडे राहील, भाड्याने द्यायचा का, दुरुस्तीचा खर्च कोण करणार, आणि गटातून कुणी गेले तर त्याच्या वाट्याचे काय. मित्रामित्रांत हे बोलायला संकोच वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ते पहिल्याच आठवड्यात उरका, सगळे खुशीत असतात तेव्हा. बिल आणि वॉरंटीचे कार्ड त्याच वहीत चिकटवा, त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा, आणि उरलेल्या पैशातून एक जादा केबल आणि पावसाळ्यासाठी एक जाड कव्हर घ्या.