बाळंतिणीची डोकेदुखी : अंगारा नको, उपचार हवा

सिझर झालेल्या एखाद्या बाईचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागते. उठून बसली की कपाळ आणि मान फुटेल असे होते, आडवी झाली की थोड्या वेळात बरे वाटते. बाळाला पाजायला बसणेही नको होते. घरची मंडळी म्हणतात, "वारं लागलं, डोक्याला घट्ट बांध." कोणी अंगारा लावते, कोणी नजर उतरवते. दुखणे खरे असते, पण त्याचे कारण वाऱ्यात नसते, नजरेतही नसते.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो. त्यावर एक पातळ आवरण असते. कमरेत भुलीचे इंजेक्शन देताना सुई या आवरणातून जाते. ते बारीक छिद्र लवकर बुजले नाही तर द्रव झिरपत राहतो. बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर मेंदूला त्याचा आधार कमी पडतो आणि डोके दुखते. १८९८ साली जर्मनीतील ऑगस्ट बिअर या शल्यविशारदाने ही भूल स्वतःवर करून पाहिली, तेव्हा त्यालाही हीच डोकेदुखी जडली. आता सुया बारीक आणि वेगळ्या टोकाच्या असल्याने हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

बहुतेकींचे दुखणे एक-दोन आठवड्यांत थांबते. तोवर डॉक्टरांना विचारून बाळंतिणीला चालणारी वेदनाशामक गोळी घ्यावी. पोटभर पाणी प्यावे. बाळंतिणीला पाणी तोडण्याची जुनी रीत येथे घातकच आहे. चहा-कॉफीने काहींना थोडा वेळ आराम पडतो, पण अती करू नये. बाळाला कुशीवर झोपून पाजता येते. सासूबाईंनी, नणंदेने घरकाम हाती घेऊन तिला पडू द्यावे.

दुखणे फारच असेल तर भूलतज्ज्ञ तिच्याच दंडातील सुमारे वीस मिलिलिटर रक्त घेऊन कमरेत त्याच जागेजवळ सोडतात. ते गोठून छिद्र बुजवते. १९६० साली अमेरिकेतील डॉ. गॉर्मले यांनी हा उपाय मांडला. बऱ्याच जणींना काही तासांतच आराम पडतो. हे काम मात्र भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच करावे.

भगिनींनो, बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी ही नव्हे. ताप, झटके, डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, सुस्ती, वाढलेला रक्तदाब, किंवा झोपूनही न थांबणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी निघा. वाढलेला रक्तदाब किंवा मेंदूच्या शिरेतील रक्ताची गाठ जीवही घेऊ शकते.

आपल्या भागात अंतर हीच मोठी अडचण. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे. म्हणून दुखणे वाढण्याची वाट पाहू नये. आशाताईला सांगा, १०८ वर फोन करा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे आणि ने-आण मोफत आहे. तो उपकार नव्हे, हक्क आहे. सुट्टीचे कार्ड जपून ठेवा आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा : "कमरेत इंजेक्शन देऊन सिझर झालं आहे, आणि बसल्यावर डोकं दुखतं."

१९८९ साली डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शंभरापैकी ब्याण्णव स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, पण पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. आपल्या आया-बहिणी दुखणे सांगत नाहीत, हेच त्यातून दिसले. सहन करणे हा बाईचा धर्म नव्हे. तिने सांगावे आणि घरातल्यांनी ऐकावे.