आजोबांच्या सोहळ्यात चार शब्द कसे बोलाल?

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हॉल भरलाय. मामा माईक पुढे करतात, "बोल गं चार शब्द!" आणि तुमच्या घशाला कोरड पडते. होतं ना असं?

मग एक गोष्ट ऐका. 1891 साली बॅरिस्टर होऊन लंडनहून परतणाऱ्या एका तरुणाने मित्रांना निरोपाची मेजवानी दिली. गमतीदार भाषण ठरवून आला होता. पहिलं वाक्य झालं आणि पुढचं आठवेना. कसेबसे आभार मानून खाली बसला. तो तरुण म्हणजे मोहनदास गांधी. ही फजिती त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितली आहे.

असं का होतं? सगळ्यांच्या नजरा वळल्या की शरीराला धोका वाटतो. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते. आपल्याला वाटतं, सगळ्यांना हे दिसतंय. पण तसं नसतं. सवित्स्की आणि गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रयोगातून दाखवलं, की वक्त्याला वाटतं त्यापेक्षा तो श्रोत्यांना कमी घाबरलेला दिसतो. हे ज्यांना आधीच सांगितलं, त्यांची भाषणंही जास्त चांगली झाली. म्हणून आज तुम्हालाही सांगून ठेवतोय!

आता तयारी. आजोबांचं अख्खं चरित्र नको, एकच प्रसंग निवडा. "आजोबा प्रेमळ आहेत" हे सगळेच म्हणतात. "मी नापास झाले, तेव्हा आजोबा काही न बोलता मला उसाचा रस प्यायला घेऊन गेले," हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

शब्दन् शब्द पाठ करू नका. एक शब्द निसटला की गाडी अडते. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा, मधले मुद्दे चिठ्ठीवर लिहा. घरी उभं राहून मोठ्याने म्हणा. दोन मिनिटं पुरेत. इंदूर-बंगळूरमध्ये वाढलात, मराठी अडखळते? मध्ये हिंदी शब्द आला तरी चालेल, आजोबांना कळेल.

माईक हातात आला की श्वास सावकाश सोडा आणि आजोबांकडे बघून बोला. हॉलशी नाही, त्यांच्याशी.

आपल्याकडे माणसाबद्दलचं चांगलं बहुतेक वेळा शोकसभेत बोललं जातं. तेव्हा ज्याने ऐकायला हवं, तोच नसतो. आज आजोबा समोर बसलेत. आवाज कापला तर कापू द्या, पण बोला.