जुन्या गोठ्यात धंदा सुरू करताय? आधी भिंतीला विचारा!



कंधारच्या बाजारात गाळा घ्यायचा म्हटलं की डिपॉझिट आलं, दरमहा भाडं आलं. मग नजर जाते घरामागच्या जुन्या विटांच्या खोलीकडे. कधीकाळी तिथं बैल बांधायचे, कडबा ठेवायचे. आता मोडकी खाट आणि रिकामी पोती आहेत. तिथं शिलाई क्लास, मसाला कांडप किंवा पिठाची गिरणी काढायची कल्पना चांगलीच आहे. पण उद्या त्या खोलीत दहा बायका शिवायला बसल्या, तर त्यांच्या डोक्यावरच्या छताची जबाबदारी तुमची. म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी हे वाचा.

किल्लारीचा धडा

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. जास्त बळी घेतले ते घरांनीच. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांना आरपार बांधणारे दगड नाहीत, आणि वर माळवदाचा मातीचा जाड थर. भिंत सुटली आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. नंतर उभ्या घरांच्या मजबुतीकरणाचं काम झालं, त्याचं सूत्र सोपं होतं: छप्पर हलकं करा आणि भिंती एकमेकींना बांधा. तुमच्या खोलीलाही हेच सूत्र लागू आहे. मार्च 2024 मध्ये हिंगोलीकडचा धक्का नांदेडलाही जाणवला, हे विसरू नका.

पायरी 1 : खोली रिकामी करा, पण सांभाळून

जुन्या सामानाखाली विंचू असतो, घोणस असते. हातात काठी, पायात बूट, दिवसाचा उजेड आणि सोबत माणूस हवाच. छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, कोरडे कापू नका. पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून अख्खे उतरवा. त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

पायरी 2 : भिंतीची परीक्षा

- ओळंबा सोडा. भिंत बाहेर झुकली किंवा मधेच फुगली असेल, तर तिच्याजवळ काम थांबवा.
- सांध्यात खिळा खुपसा. सहज आत गेला तर जोडकाम मातीचं आहे किंवा चुना-सिमेंट मेलेलं आहे.
- भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी तुटली म्हणजे भिंत अजून हलतेय. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. त्यामुळे आठ दिवस बघून निर्णय घेऊ नका.
- लोणा बघा. गोठ्याच्या भिंतीत वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेलं असतं, त्यातले क्षार ओलीबरोबर वर येतात. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी मारली की काही महिन्यांत पोपडे पडतात. आधी गोठ्यातली मुरलेली माती खणून बाहेर काढा, भिंत उन्हाळाभर सुकू द्या, खराब विटा बदला. गिलावा चुन्याचा केला तर भिंतीला श्वास मिळतो.

पायरी 3 : छताचा मोह आवरा

"आता करतोच आहे तर स्लॅब टाकून टाकू," असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. हिशोब करा. 12 बाय 15 फुटांच्या खोलीवर चार इंची स्लॅबचं वजन सव्वाचार टनांच्या आसपास भरतं. मातीच्या जोडकामाच्या भिंतीवर हे वजन नको. स्लॅब हवाच असेल तर इंजिनिअरकडून स्वतंत्र पाया आणि कॉलम काढून घ्या. नाहीतर लोखंडी पाईपवर पत्रे बसवा. वजन स्लॅबच्या दहाव्या हिश्शाच्याही आत राहतं.

मात्र पत्र्यावर दगड ठेवायची आपली सवय सोडा. वादळात पत्रा उडतो आणि दगड खाली माणसावर येतो. पत्रे हुकने पाईपला आणि पाईप भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला पक्के करा. पत्र्याचं पाणी पन्हाळीने लांब सोडा आणि भिंतीलगत उताराची तीन फूट फरशी करा, म्हणजे पायाजवळची काळी माती भिजणार नाही.

पायरी 4 : दार-खिडकी पाडताना

आधी वरचा भार टेकूवर घ्या, मग विटा काढा. कोपऱ्यापासून किमान दोन फूट सोडा. वर लिंटेल टाकल्याशिवाय चौकट बसवू नका. लोक बसणार असतील तर दार बाहेर उघडणारं ठेवा. गिरणीची मोटर भिंतीवर नको. तिला जमिनीत वेगळा पाया द्या, नाहीतर रोजच्या हादऱ्याने सांधे सुटतील.

पायरी 5 : लाईट आणि कागद

पत्र्याच्या खोलीत एक वायर सोलली तर अख्खं छत करंट मारतं. वेगळं अर्थिंग करा, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा, वायर पाईपमधून न्या. घरगुती मीटरवर धंदा चालवू नका. महावितरणकडे रीतसर अर्ज करा. गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8, कंधार शहरात नगरपरिषदेची नोंद तपासा. जागा भावांच्या सामाईक नावावर असेल तर खर्च करण्याआधी लेखी संमती घ्या. धंदा चालायला लागला की जागेची आठवण सगळ्यांना होते!

आता पैशांचं गणित

समजा गाळ्याचं भाडं महिना 3,000 रुपये आहे आणि दुरुस्तीला 90,000 लागतात. म्हणजे 30 महिन्यांत खर्च वसूल, आणि नंतरची बचत तुमची. पण भिंतच नव्याने बांधावी लागून आकडा दुप्पट झाला, तर पाच वर्षं लागतील. मग वर्षभर भाड्याने बसून आधी गिऱ्हाईक तयार करणं शहाणपणाचं. जुनी खोली फुकट नसते, तिचं भाडं आपण एकदम भरतो एवढंच.

आजचा गृहपाठ : ओळंबा, खिळा आणि वही घेऊन खोलीत जा. चारही भिंतींचे फोटो काढा, प्रत्येक भेग तारखेसह लिहा. मग ती वही इंजिनिअरला दाखवा. त्याची फी हा तुमच्या धंद्याचा पहिला खर्च समजा, आणि तो कापू नका.