अळंबीच्या खोलीवर यंत्राची नजर

आपल्या गटांतल्या ज्या ताई धिंगरी अळंबी करतात, त्यांची झोप कधी सलग होत नाही. रात्री उठायचं, खोलीत पाणी फवारायचं, पहाटे पुन्हा बघायचं. म्हणून आमच्या गटानं खोलीत आपोआप चालणारी यंत्रणा बसवली. ती कशी चालते आणि कुठं फसवते, ते आज सांगते.

अळंबी फुटायला लागली की तिला तीन गोष्टी लागतात. हवेत 80 ते 90 टक्के ओलावा, साधारण 20 ते 30 अंश तापमान आणि ताजी हवा. हवा कोंडली तर देठ लांबतात आणि छत्री बारीक राहते. मग बाजारात भाव मिळत नाही.

यंत्रणेचे भाग तीन. ओलावा आणि तापमान मोजणारा सेन्सर, आकडे बघून हुकूम देणारी पेटी आणि काम करणारे फॉगर व पंखा. पेटीत दोन आकडे भरायचे: ओलावा 80 च्या खाली गेला की फॉगर सुरू, 90 झाला की बंद. एकच आकडा भरला तर मोटर सारखी चालू-बंद होते आणि लवकर बिघडते. पंख्याला वेगळा टायमर लावा, दर तासाला काही मिनिटं. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, फॉगर फारसा चालत नाही, पण पंखा हवाच.

सेन्सर बेडांच्या उंचीवर, खोलीच्या मध्यावर टांगा. फॉगरच्या तोंडासमोर नको. आमची चूक तिथंच झाली. सेन्सर भिजला आणि पडद्यावर 99 आकडा अडकून बसला. यंत्राला वाटलं, ओलावा भरपूर आहे. फॉगर बंदच राहिला आणि आम्ही आकड्यावर विश्वास ठेवून निवांत. दोन दिवसांनी बघितलं तर कोवळे कोंब पिवळे पडून वाळलेले. ती खेप गेली.

तेव्हापासून आम्ही महिन्याला मिठाची परीक्षा घेतो. टोपणात मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घालायचं. ते टोपण आणि सेन्सर एका बरणीत ठेवायचे, सेन्सर मिठाला टेकू द्यायचा नाही. झाकण घट्ट लावून, वायरीची फट चिकटपट्टीनं बुजवून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा 75 च्या आसपास यायला हवा. पाचाहून जास्त फरक दिसला तर सेन्सर बदला.

विजेशी मात्र खेळ नको. ओल्या खोलीत जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच हवाच. पेटी खोलीबाहेर, उंचावर बसवा. 2019 आणि 2021 चा पूर आपण पाहिलाय. पाणी चढायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

लाईट गेली की यंत्रही झोपतं. त्यामुळं हातपंप आणि ओलं गोणपाट जवळ असू द्या. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा, बेडला हात लावून बघा आणि आकडा वहीत लिहा. यंत्रामुळं रात्रीची झोप मिळते, पण सकाळची फेरी चुकवू नका.