नाताळचा फराळ : आधी यादी, मग कढई

युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून पुण्याला गेली. नाताळ मात्र इथल्या घराघरांत राहिला. डिसेंबरात कापसाचा पैसा हाती येतो आणि सणात भराभर निघूनही जातो. म्हणून आमच्या घरी पंधरा दिवस आधीच यादी होते.

शंकरपाळी, चकल्या, करंज्या एकाच दिवशी, कढईत बेताचे तेल घेऊन तळाव्यात. उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवणे ही काटकसर नव्हे. काळपट, फेसाळ, उग्र वासाचे तेल टाकूनच द्यावे. करंजीत ओल्या नारळाऐवजी सुके खोबरे घातल्यास ती अधिक दिवस टिकते.

जेवणाला तुरीच्या ताज्या सोल्यांचा सोलेभात करावा. या दिवसांत सोले सहज मिळतात आणि त्यांतून प्रथिनेही मिळतात. मटण थोडे आणले तरी पंगत भागते.

गुळाचे पदार्थ मधुमेहाला चालतात, हा गैरसमज आहे. याच समजुतीपायी एका नाताळात माझ्या वडिलांची साखर फार वाढली होती. तेव्हापासून फराळाचे ताट शेजारी पाठवताना मी आधी विचारते, घरात कोणाला मधुमेह आहे का? असल्यास गोड कमी करून एक पेरू ठेवते. तुम्हीही ठेवून पाहा.